अमूर्त न्हाई म्हणणारे सर

आमच्या शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांना शिवी दिलेली चालायची, पण त्यांच्या चित्राला कुणी ‘अमूर्त’ म्हटलेलं चालायचं नाही. शिवी देणारा निदान समोर बघून देतो, असं त्यांचं म्हणणं. अमूर्त म्हणणारा न बघताच पुढं जातो.

खरं तर बघण्यासारखं त्या चित्रांत काही नसायचंच. माणूस नाही, झाड नाही, बैल नाही, देऊळ नाही. चार हात लांब कॅनव्हासवर एक विटकरी पट्टा, त्याच्या शेजारी हिरवट डाग आणि वरच्या कोपऱ्यात कुणी ओल्या फडक्यानं पुसल्यासारखी पांढुरकी जागा. झालं चित्र. हसनाबादच्या शाळेत नोकरी करता करता सरांनी अशी चित्रं कपाटं भरून काढली आणि प्रत्येक चित्रासोबत एक शंभरपानी वही लिहिली. हे चित्र नेमकं कशाचं आहे, ते त्या वहीत असायचं. चित्राला त्यांना चार दिवस पुरत, वहीला चार महिने.

मी त्या शाळेत मराठी शिकवायला जालन्याहून जात असे. रुजू झाले त्याच आठवड्यात एक उंच, वाळलेला, शर्टाच्या बाह्यांना सात रंग लागलेला माणूस स्टाफरूममध्ये माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“म्याडम, तुम्ही मराठीच्या ना?”

“हो.”

“मंग ह्ये वाचा. फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघा. बाकी कशाला हात लावू नका.”

वहीतलं पहिलंच वाक्य होतं : ‘ह्ये चित्र आमच्या बांधाचं हाये. ज्याला दिसत न्हाई त्यानं बांध बघितलेला न्हाई.’ मी नव्या नोकरीच्या उत्साहात लाल पेन घेतलं आणि ‘ह्ये’चं ‘हे’, ‘हाये’चं ‘आहे’, ‘न्हाई’चं ‘नाही’ करत शेवटच्या पानापर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी सरांनी वही उघडली, दोन पानं चाळली आणि मिटली.

“मी ऱ्हस्व-दीर्घ म्हणल्तो, म्याडम. तुम्ही तर माणूसच बदलला.”

त्यानंतर त्यांनी प्रत्येक शब्द परत होता तसा केला. तरी पुढची वही त्यांनी मलाच दिली. शाळेत मराठीला दुसरं कुणी नव्हतं, एवढंच त्याचं कारण.

सरांचा सिद्धान्त साधा होता आणि ते तो दिवसातून एकदा तरी ऐकवत. परदेशातल्या चित्रकारांच्या लिखाणाची कुठून कुठून मिळवलेली झेरॉक्स पानं त्यांच्या पिशवीत असायची. शेजारी शब्दकोश ठेवून, बोटानं ओळ धरून ते ती वाचत. दुपारचा डबा संपला की सुरू व्हायचं.

“ज्यान्ला लोक अमूर्त अमूर्त म्हणतेत, त्या समद्यांनी काय केलं ठावं हाये का? पुस्तकं लिहिली. जाडजूड! एकानं चौकोन काढला आन् लिहिलं, ह्ये माझं मन हाये. दुसऱ्यानं आडव्या-उभ्या रेघा वढल्या आन् लिहिलं, समदी सृष्टी ह्याच्यात आली. तिसरा म्हणतो, ह्यो पिवळा म्हंजे तुतारी हाये, कान देऊन बघा. आता मला सांगा, ज्याच्यात कायीच न्हाई, त्याच्यावर कुणी तीनशे पानं लिहितंय का? त्यांचं सोताचं लिखाण बोंबलून सांगून राह्यलंय की बाबांनो, ह्ये कशाचं तरी चित्र हाये. आन् लोक त्ये वाचायचं सोडून म्हणतेत, वा, काय अमूर्त हाये!”

गणिताचे सर एकदा सहज म्हणाले, “पण तीनशे पानं लिहून सांगावं लागतं, म्हणजे चित्रात ते दिसत नाही, असं नाही का होत?”

“तुमचं गणित पोरांना नुस्तं फळ्यावर बघून कळतंय का? तोंडानं सांगताच न्हवं? मंग तुमचं गणित अमूर्त का?”

“हो. गणित अमूर्तच असतं.”

सर पंधरा दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

चित्र दाखवायची त्यांची एक पद्धत होती. आधी बघायचं. मग वही वाचायची. मग परत बघायचं. “दोनदा बघायचं जिवावर येत आसंल तर चहा प्या आन् घरी जा,” असं ते पाहुण्यांना तोंडावर सांगत. बरेच पाहुणे चहा पिऊन घरी जात.

रंगाचं नुसतं नाव घेतलेलंही त्यांना खपायचं नाही. पिवळा म्हणालात की लगेच विचारणार, “कशाचा पिवळा?” खिशात रंग फासलेले पुठ्ठ्याचे तुकडे असायचे. त्यातला एक काढून ते कुणाच्याही पुढं धरत. मुख्याध्यापकांपुढं धरला तर मुख्याध्यापक म्हणत, “पांढरा. जा आता, तास आहे तुमचा.” आमचे शिपाई, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो, त्यांना मात्र या खेळाची गोडी लागली होती. एकदा तसाच एक मळकट पांढरा तुकडा सरांनी त्यांच्यापुढं धरला. मामांनी तो उजेडात नेला, डोळे बारीक केले.

“दूध फाटल्यावर वर जे पाणी येतंय ना, त्येचा.”

सरांनी स्टाफरूमभर नजर फिरवली. “ह्यो एकटा माणूस शिकलेला हाये इथं. तुम्ही समदे पदवीधर हात.”

केदारखेड्याला त्यांच्या घरी मी दोनदा गेले. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, मोठ्या मोकळ्या स्वभावाच्या. मी भिंतीवरची चित्रं बघतेय म्हटल्यावर त्यांनी हात धरून मला आतल्या खोलीत नेलं.

“ह्ये बघा म्याडम. ह्ये आमच्या लग्नाचं.”

सगळं चित्र राखाडी होतं. एका कडेला थोडं जास्त राखाडी.

“लग्नाचं?”

“व्हय ना. मला बी असंच वाटल्तं, की आपुन कुठं हात ह्याच्यात? मंग ह्येन्नी वही वाचाया दिली. त्याच्यात लिहिलेलं, मांडवाच्या मागं चूल पेटवल्ती, लाकडं वली होती, समदा धूर मांडवात आला आन् ह्येन्ला धा मिनटं मी दिसलेच न्हाई. त्या धा मिनटांचं चित्र हाये.” वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. “नवरी सोडून धूर ध्यानात राह्यला ह्या माणसाच्या!”

सर बाहेरच्या खोलीतून ओरडले, “दिसत न्हवती म्हणून तर ध्यानात राह्यलं!”

वहिनी हसायच्या थांबल्या आणि चहा ठेवायला गेल्या. मला वाटतं, हे वहीत लिहिलेलं नसावं.

मुख्याध्यापकांशी सरांचं बिनसलं तेही एका वहीवरूनच. मुख्याध्यापकांनी आपली केबिन जरा बरी दिसावी म्हणून सरांकडून एक चित्र मागून घेतलं होतं. फिक्या भिंतीवर शोभेल असं, तपकिरी कडांचे गोल गोल डाग असलेलं. पुढं तपासणीला एक अधिकारी आले. त्यांनी चष्मा काढून चित्र पाहिलं. “वा, मॉडर्न आर्ट! ग्रामीण भागात अशी दृष्टी दुर्मिळ.” मुख्याध्यापक फुलून गेले. तेवढ्यात सर आले आणि त्यांनी अदबीनं वही साहेबांच्या हातात दिली. वहीत लिहिलं होतं की हे चित्र याच केबिनच्या छताचं आहे. कोणता डाग कोणत्या पावसाळ्यातला, हे क्रमवार दिलं होतं. साहेबांनी वाचता वाचता वर पाहिलं. वर ते सगळेच्या सगळे डाग जागेवर होते. मग त्यांनी छताच्या दुरुस्तीचे कागद मागवले.

“चित्र गप बसल्तं तंवर तुम्हाला ग्वाड लागलं,” सर दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना म्हणाले. “बोललं तर कडू झालं का?”

असा माणूस. आता तीन वर्षं झाली त्यांना निवृत्त होऊन. अजून मला पहाटे पहाटे वहीच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर येतात आणि खाली ‘ऱ्ह. दी. बघा’ एवढंच असतं. पण मला सांगायचं आहे ते जालन्याच्या एमआयडीसीतलं, कारण त्यात मी जे केलं ते आजवर शाळेत कुणाला नीट सांगितलेलं नाही.

शाळेच्या स्नेहसंमेलनाला लोखंडी सळया काढणाऱ्या एका रिरोलिंग मिलचे मालक पाहुणे म्हणून आले होते. आपल्याकडं सगळे त्यांना शेठच म्हणत. चांगला माणूस होता, हसतमुख. त्यांनी व्यासपीठावरूनच जाहीर करून टाकलं की शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह ते बांधून देतील. शाळेतल्या मोठ्या मुली दुपारपर्यंत पाणी पीत नसत आणि का पीत नसत हे सगळ्या बायकांना माहीत होतं. मी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. कार्यक्रम संपल्यावर शेठ सभागृहातल्या सरांच्या चित्रापुढं थांबले. मिलच्या आवारात त्यांचं नवं ऑफिस होत होतं, त्यांची सून त्याची सजावट बघत होती. ती पुण्यात त्याचंच शिकलेली.

“पप्पा, रिसेप्शनला असंच पाहिजे,” ती म्हणाली. “ॲबस्ट्रॅक्ट सेफ असतं. कुणाला काही खुपत नाही.”

सरांनी हे ऐकलं. मला वाटलं आता हे मुलींचं स्वच्छतागृह बुडवणार. पण ते शांतपणे म्हणाले, “काढतो. माझ्या दोन अटी हात. मिल आठ दिवस बघू द्या. आन् चित्राशेजारी माझं लिहिलेलं लागंल.”

“लावू की,” शेठ म्हणाले. “पितळी पाटीवर लावू. फक्त जरा शुद्ध भाषेत असू द्या, बाहेरची पार्टी येते.”

सर माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, “त्याला ह्या म्याडम हात की.”

मला वाटलं होतं दिवाळीच्या सुट्टीत जातील, पण सरांनी भर भाद्रपदात रजा टाकून ते आठ दिवस मिलमध्ये काढले. केदारखेड्याचाच, त्यांच्या गल्लीतला सांडू तिथं कामाला होता. रोज सकाळी त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून जायचे, दुपारभर पाण्याच्या टाकीजवळ स्टूल टाकून बसायचे. भट्टीतून लाल लोखंड निघतं, एकामागून एक फिरत्या रुळांमधून दाबत दाबत नेतात आणि त्याची लांब सळई होते. रुळांजवळ चिमटे घेऊन माणसं उभी असतात. सांडू त्यांतला.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक सळई रुळातून निसटली. ती उसळली, हवेत वळली आणि सांडूच्या उजव्या पायाला गुंडाळली गेली. सर टाकीजवळ होते. नंतर पाण्याच्या बादल्या घेऊन धावणाऱ्यांत तेही होते, एवढंच त्यांनी मला सांगितलं. पाय राहिला, पण पोटरी गेली. दवाखान्याचं सगळं शेठनी केलं. अपघाताच्या कागदावर ‘कामगाराचे दुर्लक्ष’ असं लिहिलं गेलं.

उरलेले पाच दिवस सर एसटीनं जाऊन परत तिथंच बसले. मला ते तेव्हा निर्दयपणाचं वाटलं होतं.

चित्र मोठं झालं. खाली भुरकट, मधे काळसर निळं, आणि डाव्या अंगानं आत घुसणारा एक लाल. त्या लालाबद्दल मला काही लिहिता येणार नाही. मी ते त्यांच्या ओसरीवर पाहिलं आणि दोन पावलं मागं सरकले. मग त्यांनी वही दिली. या वेळी चारच पानं होती.

‘ह्ये चित्र दुपारी पाळी बदलायच्या आधीचं हाये. सळई रुळातून निसटली आन् सांडूच्या पायाला गुंडाळली. मधी लोखंडी जाळी पाह्यजे होती. ती न्हवती. का न्हवती ह्ये चित्रात न्हाई, कारण त्याचा रंग मला सापडला न्हाई.’

मी वही घेऊन घरी आले. त्याच आठवड्यात शेठच्या सुनेचा फोन आला, पाटीचा मजकूर हवा म्हणून. मग मुख्याध्यापकांचा आला. “म्याडम, स्वच्छतागृहाचा पाया खोदायचं काम सोमवारी सुरू व्हायचंय. ह्या माणसानं काही वेडंवाकडं लिहिलं असेल तर तुम्ही बघून घ्या. तुम्ही समंजस आहात.”

मी समंजस होते. मी टेबलाशी बसले आणि एका बैठकीत लिहून टाकलं : ‘प्रस्तुत कलाकृतीत अग्नी आणि लोह यांच्या आदिम संवादाचा अमूर्त आविष्कार साधला असून, कलावंताच्या अंतर्मनातील ऊर्जेचे तरंग रसिकाला चिंतनाच्या निःशब्द प्रदेशात घेऊन जातात.’ ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नव्हती. मला तेव्हा त्याचा थोडा अभिमानही वाटला, हे कबूल करते. खाली सरांचं नाव घातलं आणि पाठवून दिलं. सरांना म्हटलं, पाटी तयार होतेय.

दसऱ्याला मिलमध्ये यंत्रांची पूजा असते. शेठनी त्याच दिवशी नव्या ऑफिसचं उद्घाटन ठेवलं. झेंडूची तोरणं, पेढ्यांची ताटं, धुतलेले शर्ट घालून रांगेत उभे कामगार. सांडूलाही बोलावलं होतं. तो काठी टेकत आला आणि खुर्ची दिली तरी भिंतीला टेकून उभाच राहिला. सरांनी नवा सदरा घातला होता. त्याच्या बाहीलाही एक निळा ठिपका होताच.

पडदा सरकला. टाळ्या पडल्या. शेठच्या सुनेनं पाटीवरचा मजकूर मोठ्यानं वाचला, अगदी छान वाचला. ‘अमूर्त आविष्कार’ आलं तेव्हा मी झेंडूच्या तोरणाकडं बघत होते.

सरांनी शेठकडं पाहिलं नाही, सुनेकडंही नाही. त्यांनी गर्दीत मला शोधलं.

“ह्ये माझं न्हाई,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. “शुद्ध हाये म्हणून म्हणत न्हाई. खोटं हाये म्हणून म्हणतोय.”

आणि पिशवीतून त्यांनी वही काढली. माझ्याकडं दिलेल्या वहीची ती पक्की प्रत असावी. चारही पानं उभ्यानं वाचली. मोठ्यानं वाचायची त्यांना सवय नव्हती. मधेच अडखळत, ओळ चुकत, परत मागं जात. ‘मधी लोखंडी जाळी पाह्यजे होती. ती न्हवती’ इथं आल्यावर कुणाच्या तरी हातातलं पेढ्याचं ताट टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. मिलचा सुपरवायझर स्वतःच्या बुटांकडं बघत होता.

वाचून झालं. शेठचं हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण विसरून राहिल्यासारखं. “सर, सणाचा दिवस आहे,” ते म्हणाले. “हे आपण नंतर बसून बोलू.”

“थोडं चुकलं, सर.”

हे सांडू बोलला होता. सगळे वळले.

“बोल, सांडू, बोल,” शेठ एकदम म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडल्यासारखा वाटला. “सांग सरांना काय चुकलं ते.”

सांडू काठी टेकत चित्रापाशी गेला. जवळून बघितलं, मग मागं सरून बघितलं.

“ह्याच्यात सळई येऊन राह्यली,” तो म्हणाला. “तुम्ही टाकीपाशी बसल्ते, तुम्हाला ती येताना दिसली आसंल. मला न्हाई दिसली. माझ्या तर ती मागं होती. माझ्यापुढं भिंत होती, सर. आन् त्या भिंतीवर माझी सावली येकदम मोठी झाली. पार पत्र्यापरेंत. मी म्हणलं, माझी सावली एवढी कशी झाली? एवढंच म्हणलं, आन् मंग पाय गेला.” त्यानं चित्राकडं बोट केलं. “ह्याच्यात काळं कुठंय?”

सांडू सरांकडं वळला.

“बाकी जाळीचं बराबर लिव्हलंय,” सांडू म्हणाला. “जाळी न्हवती.”

मी इतकी वर्षं सरांच्या चित्रांवर लोकांना बोलताना ऐकलं होतं. साहेब लोक बोलले, पत्रकार बोलले, एकदा शहरातून आलेले एक समीक्षक तासभर बोलले. सरांनी कुणाचं काही मान्य केलं नाही. त्या दिवशी ते चित्राकडं तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, “मंग ह्ये चित्र खोटं हाये. मी माझंच काढलं.”

“म्हणजे?” शेठची सून म्हणाली.

“खाली उतरवा. दुरुस्त करावं लागंल.”

शेठ हिशेबी माणूस. एवढ्या गोंधळात त्यांना वाट दिसली. ते सरांना बाजूला घेऊन म्हणाले, “सर, चित्राला तुम्हाला काय करायचं ते करा, बिलकुल अडवणार नाही. पण पाटी राहणार नाही. तुमचीही नाही आणि म्याडमचीही नाही.”

मला वाटलं सर भांडतील. जन्मभर ज्या वहीसाठी माणसं तोडली ती वही. सरांनी सांडूकडं पाहिलं, मग म्हणाले, “न्हाई तर न्हाई.”

पाहुणे पांगले. ऑफिसच्या फरशीवर जुनी वर्तमानपत्रं अंथरली, त्यावर चित्र ठेवलं. रंगाच्या नळ्या पिशवीत होत्याच. सांडूला स्टूल दिलं. आणि त्या दुपारी मी एक गोष्ट पाहिली जी आधी कधी पाहिली नव्हती : सर विचारून विचारून चित्र काढत होते.

“इथून?”

“न्हाई, आजून खालून. माझ्या पायापासनं निघाली ना ती.”

“एवढी रुंद?”

“वर गेल्यावर रुंद. खाली बारीक. आन् कड अशी साफ नगा करू. हालत होती.”

“लाल ठेवू का काढू?”

सांडूनं विचार केला. “ठिवा. पर मागं ठिवा. मला दिसली न्हाई म्हंजे न्हवती असं थोडंच हाये.”

मी कोपऱ्यात उभी होते. मधेच एकदा सरांपाशी जाऊन म्हटलं, “सर, माझं चुकलं.” ते ब्रशवरचा रंग पुसत होते. “स्वच्छतागृह व्हायला पाह्यजे,” ते म्हणाले. “त्ये तुमचं बराबर होतं. पर माझ्या नावानं न्हवतं लिव्हायचं. तुमच्या नावानं लिव्हायचं.” आणि परत खाली वाकले. मला राग सोसला असता.

स्वच्छतागृह झालं, हे इथंच सांगून टाकते. आणि मिलमध्ये रुळांपुढं जाळीही बसली, दिवाळीच्या आत. ती कुणामुळं बसली यावर आमच्या स्टाफरूममध्ये पुष्कळ वाद झाले. मुख्याध्यापक म्हणत, शेठच्या मोठेपणामुळं.

चार वाजता सर उठले. गुडघे धरून, भिंतीचा आधार घेत. चित्राच्या खालच्या टोकाकडून निघालेला तो काळा वर जात जात पार कडेबाहेर गेल्यासारखा दिसत होता आणि त्याच्या मागून, कडेकडेनं, तो लाल. माणूस नव्हता त्यात, पाय नव्हता, सळई नव्हती.

“बघ,” सर सांडूला म्हणाले. “आता बराबर हाये का?”

सांडू स्टुलावरून उठला. काठी न घेता उभा राहिला. बघत राहिला. मग त्यानं मान वळवली.

“आता बघवत न्हाई, सर.”

सरांचे डोळे भरून आले. त्यांनी ते रंगाच्या बाहीनं पुसले, त्यामुळं गालावर काळा पट्टा उमटला.

तेवढ्यात शेठ आणि त्यांची सून आत आले. चित्र सरांनी आणि मी मिळून उचलून भिंतीला टेकवलं होतं. शेठ मागं सरकले, मान तिरकी केली. सुनेनं मोबाइलमध्ये फोटो घेतला.

“अरे वा,” शेठ म्हणाले. “आता तर जास्तच ॲबस्ट्रॅक्ट झालं!”

सरांनी श्वास घेतला. तो श्वास आम्ही शाळेत ओळखून होतो. त्याच्यानंतर पाऊण तास बोलणं असायचं. त्यांचं तोंड उघडलं, तेवढ्यात सांडूनं त्यांचं कोपर धरलं.

“ऱ्हाऊ द्या, सर,” तो हळूच म्हणाला. “त्यान्ला न्हाई दिसत. चांगलंच हाये की. कुणाला दिसू नये.”

सरांनी तोंड मिटलं. मग सांडूची काठी उचलून त्यांनी त्याच्या हातात दिली आणि दोघं दाराकडं निघाले. बाहेर पूजा आटोपून कामगार घरी निघाले होते. धुतलेल्या शर्टातले सातआठ जण ऑफिसच्या काचेपाशी येऊन थांबले होते, आत बघत. त्यांतला एकही जण ‘हे काय आहे’ असं विचारत नव्हता. एकानं डोक्यावरची टोपी काढली.